पांढरीतलं नाणं

तेरच्या पांढरीवरून गाढवं माती वाहायची
काळीत टाकायला.
जुन्या वस्तीची राख, हाडं, शेण, फुटकी खापरं,
दोन हजार वर्षांचा उकिरडा,
ज्वारीला मात्र मानवायचा.
खणणाऱ्यांत बा होता,
लिंबाजी सोपान गायसमुद्रे.
मजुरी रोजची. मणी सापडले तर
त्याचे वेगळे पैसे नाहीत.

एकदा टिकाव खण्णकन वाजला.
अधेलीएवढं काहीतरी, हिरवं पडलेलं.
बानं थुंकी लावून सोग्याला घासलं
तर आधी नाक वर आलं,
मग शिरस्त्राण की मुंडासं, नीट कळेना,
मग ओठ,
काही विचारता विचारता मिटलेले.

सटवा तांबट म्हणाला, मोडीत चार आणे देतो.
घरात माय बाळंतीण, डिंकाला पैसा नाही.
तरी बानं दिलं नाही.

उत्खननाचे साहेब आले औरंगाबादेहून.
भिंगातून बघत बसले, चहा निवून गेला.
"यवन राजा दिसतो कुणीतरी.
एका अंगाला त्यांची लिपी, दुसऱ्या अंगाला आपल्याकडची,
पण झिजलंय. नाव वाचता येत नाही."
बा म्हणाला, "मला येतंय की."
बाची अक्षरं तर ढ पाशीच थांबलेली.

विहारात ऐकलं होतं त्यानं:
लई लांबून आलेल्यांचा नातू-पणतू,
बोली परकी, घोडे धिप्पाड,
फौज निघाली की पंधरा दिवस धुरळा बसायचा नाही.
गावं घेतली, नद्या घेतल्या,
नाण्यावर स्वतःला तारणहार म्हणवून घेतलं.
आणि मग एका भिक्खूपुढं मांडी घालून बसला,
विचारत राहिला, विचारत राहिला,
उत्तर पटलं की भर दरबारात
"पटलं" म्हणाला.
बाला फौजेचं काही वाटलं नाही.
"राजा असून पटलं म्हणाला,"
हे मात्र तो गुळाच्या खड्यासारखं
गालात धरून घरी आला.

बाराव्या दिवशी भावाचं नाव ठेवलं.

पुढं शाळेत संस्कृतचे गुरुजी म्हणाले,
मिलिंद म्हणजे भुंगा रे, राजा कसला!
पोरं हसली. भाऊ रडत घरी आला.
बा चिलीम झाडत म्हणाला,
"भुंगा तर भुंगा.
लाकूड पोखरतो का न्हाई?"

मी आता कळंबला इतिहास शिकवते.
पुस्तकात सिकंदराला दीड पान, चित्रासकट.
याला अर्धी ओळ, तीही पूर्णविरामाच्या घाईतली.
तो बियासवरून परत फिरला.
हा राहिला.
याचा एकही घोडा तेरणेचं पाणी प्यायला नाही,
पण पाचवीच्या हजेरीत मी नाव घेते
आणि तीन पोरं एकदम उठतात,
एकाच्या चड्डीला गुंडी नाही,
"हजर, बाई."

भाऊ ट्रक चालवतो, येडशी ते गेवराई, गेवराई ते धुळे.
प्रत्येक नाक्यावर काच खाली करून विचारतो:
पावती कशाची? दर कुणी ठरवला? फलक कुठाय?
मागं भोंगे वाजत राहतात.
त्याला अजून कुणी
पटेल असं उत्तर दिलेलं नाही.

म्हणतात, तो राजा गेला तेव्हा
राखेसाठी शहरं भांडली, मग वाटून घेतली.
बा गेला तेव्हा भांडायला कुणी नव्हतं.
भावानं आणि मी मिळून अर्धी राख तेरणेत सोडली,
अर्धी काळीत.
वाटणी कुणी सांगितली नव्हती.

पत्र्याच्या पेटीत साहेबांची पावती निघाली,
शाई पिवळी:
एक नाणे. तांबे. अस्पष्ट.
फेकणार होते.
उलटून पाहिली तर मागं पेन्सिलीनं,
एकेक अक्षर खणून काढावं तसं,
वेलांट्या चुकीच्या बाजूला,
म चं पोट फुटलेलं,
मिलिंद.

ढ च्या पुढं बा कधी गेला,
कुणापुढं बसून शिकला,
विचारायचं राहूनच गेलं.